घंटा वाजली, पण दारात कोणीच नाही!

दिवाळीच्या तोंडावरची दुपार. कढईत चकल्यांचा घाणा पडला आहे आणि एवढ्यात दारावरची घंटा वाजते. गृहिणी झारा बाजूला ठेवते, पदराला हात पुसते आणि दार उघडते. बाहेर कोणी नाही. ती परत येते, झारा हातात घेते, तोच पुन्हा घंटा! पुन्हा दार उघडावे, पुन्हा बाहेर शुकशुकाट. एकदोनदा असे झाले तर माणूस हसून सोडून देतो. पण तासाभरात पन्नास वेळा अशी घंटा वाजू लागली तर? मग दोनच वाटा उरतात. प्रत्येक वेळी दाराशी धावावे आणि चकल्या करपू द्याव्यात. किंवा घंटेची तार तोडून टाकावी आणि खरा पाहुणा आला तर त्याला बाहेर ताटकळू द्यावे. दोन्हींत नुकसान आहेच.

नेमका हाच पेच आजच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात रोज पडत असतो. बँकेतले, रुग्णालयातले, खिशातल्या फोनमधले, कोणतेही यंत्र घ्या. त्याच्या आत अशा घंटा अष्टौप्रहर वाजत असतात. त्यांतली एखादी खोटी वाजू लागली की धडधाकट यंत्र अडखळते, आणि ती कोणी वाजवली याचा शोध लावता लावता भल्याभल्यांची झोप उडते. या शोधाची कथा एखाद्या गुप्तहेरकथेइतकीच रंजक आहे.

हाक मारणारी यंत्रे

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याचा झपाटा असा की सेकंदाला अब्जावधी लहानसहान आज्ञा तो उरकतो. त्याच्या भोवतालची उपकरणे मात्र त्या मानाने गोगलगाई. कळफलकावर आपण कितीही भराभर बोटे चालवली तरी दोन अक्षरांच्या मधल्या वेळात प्रोसेसरची कोट्यवधी कामे होऊन जातात. मग त्याने या उपकरणांची वाट कशी पाहायची? एक रीत अशी की दर थोड्या वेळाने प्रत्येकाकडे जाऊन, ‘तुझे काही आहे का?’ म्हणून विचारायचे. शंभरांपैकी नव्व्याण्णव वेळा उत्तर येणार, ‘नाही.’ सगळी हेलपाट्यांची हौस!

दुसरी रीत घंटेची. प्रोसेसरने आपले काम करीत राहावे; ज्या उपकरणाला गरज असेल त्याने घंटा वाजवावी. घंटा वाजली की प्रोसेसर, आपण वाचता वाचता पुस्तकात खूण घालतो तशी खूण घालून, हातचे काम थांबवतो, हाकेला ओ देतो आणि पुन्हा खुणेच्या पानावर येतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. सगळ्या कारभारावर देखरेख करणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो तो कर्नेल; आणि त्या कर्नेलच्या हाताखाली एकेका उपकरणाची भाषा जाणणारा जो कारकून असतो तो ड्रायव्हर. या ड्रायव्हरचा मोटारीशी काही संबंध नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. घंटा वाजली की कर्नेल त्या त्या ड्रायव्हरला उठवतो, आणि ड्रायव्हर आपल्या उपकरणाला विचारतो, ‘काय रे, तू हाक मारलीस?’

ही युक्ती दिसायला सोपी, पण तिने मोठमोठ्यांना घाबरवले आहे. १९५७-५८च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅम येथे एक्स-१ नावाच्या गणकयंत्राची जुळणी चालली होती. लूपस्ट्रा आणि स्कोल्टन या रचनाकारांनी त्यात इंटरप्टची सोय करण्याचे ठरवले. त्यासाठी प्रोग्रॅम लिहावयाचा होता एडस्गर डायक्स्ट्रा यांना. पुढे संगणकशास्त्रातील थोर पुरुष म्हणून गाजलेला हा तरुण तेव्हा चांगलाच धास्तावला. त्याचे भय रास्त होते. तोवर यंत्राचे वागणे असे होते की चूक झाली तर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवावा, तीच चूक पुन्हा समोर यावी. पण हाक केव्हा येईल याचा नेम नसेल, तर यंत्र दोनदा सारखे वागेलच कसे? आणि एकदा झालेली चूक पुन्हा दिसलीच नाही, तर ती पकडायची कशी? अखेर सहकाऱ्यांनी त्याची थोडी स्तुती करून त्याला राजी केले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. त्याने ते काम तडीस नेले आणि १९५९ साली त्याच विषयाच्या अंगाने डॉक्टरेट मिळवली. पण त्याने ओळखलेले भय काही खोटे ठरले नाही.

चंद्राच्या दारात

ते किती खरे होते याचा दाखला २० जुलै १९६९ रोजी साऱ्या जगाला मिळाला, जरी त्या दिवशी फार थोड्यांना तो उमगला. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचे यान चंद्राकडे उतरत होते. यानातील संगणकाची बदलती येईल अशी स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची. उतरण्याच्या गणितातच त्याचा सुमारे ८५ टक्के वेळ खर्ची पडत होता. आणि ऐन वेळी त्याने इशारा दिला : १२०२. अर्थ असा, की कामे फार झाली, नवे काम ठेवायला जागा उरली नाही.

घडले होते ते असे. यानावर एक रडार होते. त्याचा उपयोग चंद्रावरून परतताना वरच्या यानाला गाठण्यासाठी. उतरताना त्याचे काहीच काम नव्हते. पण ते चालू होते आणि त्याचा खटका अशा जागी होता की रडारचा कोन दाखवणाऱ्या यंत्रणेला एक वीजपुरवठा मिळत होता, आणि संगणकाशी तिची गाठ घालून देणाऱ्या यंत्रणेला दुसरा. दोन्ही ८०० सायकलचे. दोघांचा ताल एक, पण सम मात्र एका जागी पडत नव्हती. यंत्रणांच्या जोडणीचा जो कागद तयार झाला होता त्यात ताल जुळवण्याची अट होती. सम जुळवण्याची नव्हती. परिणामी स्थिर असलेल्या रडारचा कोन सारखा पुढेमागे होतो आहे असे त्या यंत्रणेला वाटले, आणि तिने संगणकाकडे ठोक्यांचा भडिमार केला. दोन कोनांचे मिळून सेकंदाला १२,८०० ठोके! प्रत्येक ठोका मोजायला संगणकाचे सुमारे ११.७ मायक्रोसेकंद जात. गुणाकार करून पाहा. प्रत्येक सेकंदातला सुमारे १५ टक्के वेळ या बिनकामाच्या मोजणीत गेला.

काटेकोरपणे बोलायचे तर हे ठोके म्हणजे इंटरप्ट नव्हेत. ते प्रोसेसरला पूर्ण थांबवत नसत, त्याच्या वेळेतला एकेक क्षण लांबवत. पण जात एकच. बाहेरच्या उपकरणाने विनाकारण हाक मारायची, आणि आतल्याने ती खरी मानून झटायचे.

दोन्ही जीव वाचले ते संगणकाच्या प्रोग्रॅमची आखणी दूरदृष्टीने झाली होती म्हणून. गर्दी झाली की कमी महत्त्वाची कामे टाकून द्यायची आणि महत्त्वाची तेवढी जिथल्या तिथे पुन्हा हाती घ्यायची, अशी त्यात सोय होती. ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन या २४ वर्षांच्या तरुणाने अशा इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी जवळ ठेवली होती. हा इशारा वारंवार आला नाही तर भय नाही, असे त्याने सांगितले. २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने ‘गो’ म्हटले. आणि आपल्या घड्याळाप्रमाणे २१ जुलैच्या उत्तररात्री १ वाजून ४७ मिनिटांनी यान चंद्राला टेकले. ठोक्यांचा उगम कुठे होता ते मागाहून उलगडले.

सात नंबरची भुताटकी

आता चंद्रावरून आपल्या मेजावर येऊ. १९८१ साली आय.बी.एम.ने आपला पर्सनल काँप्युटर बाजारात आणला. त्यात ८२५९ए नावाची एक चिप होती. तिचे काम देवडीवरच्या जमादाराचे. तिच्याकडे ०पासून ७पर्यंत आठ तारा येत. कोणत्या तारेवर हाक आली ते पाहून ती प्रोसेसरला खबर देई. प्रोसेसर हातची आज्ञा संपवून विचारी, ‘कोण आले आहे?’ मग चिप नंबर सांगे.

आता समजा, हाक मारणाऱ्याने घंटा वाजवली, जमादाराने आत वर्दी दिली, आणि धन्याने ‘कोण?’ म्हणून विचारीपर्यंत बाहेरचा निघूनच गेला! तारेवर क्षणभर विजेचा खरखराट झाला, किंवा उपकरणाने घाईने हाक मागे घेतली, तरी असेच होते. जमादाराला उत्तर तर देणे भाग आहे. ‘कोणी नाही’ असे सांगायला त्याच्या भाषेत शब्दच नाही. मग तो ठरलेले उत्तर देतो : ‘सात नंबर.’

या सात नंबरवर बहुधा छपाईयंत्राची जोडणी असे. त्यामुळे चमत्कार असा दिसे की छपाईयंत्र जोडलेले नसतानाही त्याच्या नावाने हाका येत. लोकांनी तारा बदलल्या, ड्रायव्हर बदलले, भूत हटेना. कारण भूत सातव्या तारेवर नव्हतेच. ते भलत्याच तारेवरून निसटून जात होते आणि नाव सातव्याचे लागत होते.

यावर उतारा सोपा आहे. सातचा आवाज आला की ड्रायव्हरने आधी चिपचीच वही उघडून पाहावी. चालू कामांच्या त्या वहीत सातव्या जागी खूण असेल तर हाक खरी. नसेल तर फसवी. फसवी असली तर मुकाट्याने परतावे. ‘काम झाले’ अशी पावती चिपला देऊ नये. कारण ती पावती चिप दुसऱ्याच कुणाच्या, अर्धवट राहिलेल्या खऱ्या कामाच्या नावे जमा करते. खोट्या हाकेने जे नुकसान झाले नसते ते खोट्या पावतीने होते.

एका दोरीला चार घरे

पुढे उपकरणे वाढली आणि तारा पुरेनाशा झाल्या. तेव्हा, १९९२ साली आलेल्या पी.सी.आय. पद्धतीत, एकाच तारेवर अनेक उपकरणांनी हाक मारावी अशी मुभा मिळाली. जुन्या चाळीत एका घंटेच्या दोरीला चार बिऱ्हाडे बांधावीत तसे हे झाले. घंटा वाजली की कर्नेल चारही ड्रायव्हरांना क्रमाने विचारतो, ‘तुमच्याकडचे कोणी आहे का?’ ज्याचे असेल त्याने काम करावे आणि ‘माझे होते’ म्हणावे. बाकीच्यांनी प्रामाणिकपणे ‘माझे नाही’ म्हणावे.

इथे एक बारकावा आहे. ही घंटा टिंग करून थांबणारी नव्हे. ज्याने दोरी ओढली त्याची समजूत पटेपर्यंत तो दोरी सोडीत नाही. म्हणून चारही जणांनी ‘माझे नाही’ म्हटले तर कर्नेल परत फिरतो न फिरतो तोच घंटा चालूच! सेकंदाला हजारो वेळा हाच फेरा. बघणाऱ्याला वाटते, यंत्र गोठले. खरे म्हणजे ते गोठलेले नसते. दाराशी जाऊन येऊन दमलेले असते.

लिनक्स नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या कर्नेलने यावर एक हिशेब ठेवला आहे. एका तारेवरच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांना कोणीच ‘माझे’ म्हटले नाही, तर तो ती तार बंद करतो आणि पडद्यावर लिहितो, ‘नोबडी केअर्ड’, म्हणजे कुणालाच पर्वा नव्हती! तार बंद झाली की तिच्यावरची निरपराध उपकरणेही मुकी होतात. त्याच तारेवर हार्ड डिस्क असेल तर तिचे कामही अडते. घंटेची तार तोडण्याचा तोच तो उपाय. यंत्र वाचते, पाहुणा बाहेर राहतो.

हा हिशेब चालतो तो ड्रायव्हरांच्या सचोटीवर. २००३ साली आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीपासून प्रत्येक ड्रायव्हरला हे ‘माझे’ किंवा ‘माझे नाही’ सांगावेच लागते. काही आळशी ड्रायव्हर न पाहताच ‘माझे, माझे’ म्हणत राहतात. इशारा येत नाही, म्हणून लिहिणारा खूश असतो. पण गिऱ्हाइकाच्या घरी यंत्र बंद पडते, आणि का पडले त्याची एक ओळही मागे राहत नाही. तक्रार दडपली म्हणून रोग गेला, असे माणसांतही होत नाही आणि यंत्रांतही नाही.

पत्र टाकले, पण पोचले कुठे?

सर्वांत फसवी गोष्ट वेगळीच आहे. तिच्यात उपकरण निर्दोष असते, तारही निर्दोष असते.

समजा, जाळ्याशी जोडणी करणारे एक कार्ड आहे. संदेश आला, कार्डाने दोरी ओढली, ड्रायव्हर आला. त्याने कार्डाच्या वहीत पाहिले : खूण आहे. संदेश उचलला, आणि ‘मिळाले, आता दोरी सोड’ असा निरोप कार्डाला लिहून तो परत फिरला. सगळे यथासांग. तरीही पुढच्याच क्षणी पुन्हा घंटा वाजते. ड्रायव्हर धावत येतो, वही पाहतो तर कोरी! मग पहिल्यानंतर ही दुसरी घंटा कोणी वाजवली?

कोणीच नाही. पहिलीच अजून वाजत होती. प्रोसेसरने लिहिलेला निरोप थेट उपकरणाच्या हातात पडत नाही. वाटेत टपालकचेऱ्यांसारखे टप्पे असतात. तिथे तो क्षणभर थांबतो. प्रोसेसर मात्र पत्र पेटीत टाकले की ते पोचले असे धरून पुढे जातो. पत्र वाटेत आहे तोवर कार्डाने दोरी सोडलेली नाही. इकडे ड्रायव्हर परतला, कर्नेलने तारेकडे पाहिले, ती अजून ओढलेलीच. त्याने पुन्हा ड्रायव्हरला पाठवले. तेवढ्यात पत्र पोचले, कार्डाने दोरी सोडली, खूण पुसली. ड्रायव्हर पोचतो तो दारात कोणी नाही!

उपाय एका ओळीचा. निरोप लिहिला की लगेच त्याच कार्डातून काहीतरी वाचायला मागावे. नियम असा की मागून निघालेले वाचन पुढे गेलेल्या लिखाणाला ओलांडू शकत नाही. म्हणून वाचनाचे उत्तर हाती आले, की त्याआधीचे पत्र पोचलेच. हीच पोचपावती. ती हाती घेऊन मगच परत फिरावे. त्यासाठी थोडा वेळ जातो खरा, पण खोटा हेलपाटा वाचतो.

आता डायक्स्ट्रांचे भय आठवा. हा दोष शोधणारा सामान्यतः पहिली गोष्ट कोणती करतो? ड्रायव्हरमध्ये ‘मी इथे आलो, मी हे केले’ अशा नोंदी छापण्याची आज्ञा घालतो. आणि दोष नाहीसा होतो! नोंद काढली की परत हजर. लोक याला दैवी लीला समजतात. कारण साधे आहे. सेकंदाला १,१५,२०० बिट वाहणाऱ्या सिरियल तारेवरून एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. चाळीस अक्षरांची ओळ म्हणजे साडेतीन हजार मायक्रोसेकंद. तेवढ्या अवधीत वाटेवरचे पत्र आरामात पोचते. छापण्याच्या उशिरानेच रोग झाकला जातो. म्हणून जाणता माणसू म्हणतो, ‘नोंद घातल्यावर दोष गेला, हाच मोठा पुरावा. इथे काहीतरी उशिराचे कोडे आहे.’

तपासाची रीत

मग न छापता तपास करायचा कसा? मोजून. ड्रायव्हरमध्ये तीन आकडे ठेवावेत : एकूण किती हाका आल्या, किती माझ्या निघाल्या, किती निघाल्या नाहीत. आकडा एकाने वाढवायला जवळजवळ वेळच लागत नाही, त्यामुळे यंत्राची चाल बिघडत नाही. मग ते आकडे निवांतपणे वाचावेत. प्रत्येक रोगाची नाडी वेगळी असते.

खऱ्या हाका जवळजवळ तितक्याच खोट्या, म्हणजे प्रत्येक खऱ्यामागे एक खोटी, असे दिसले तर टपालातल्या पत्राचा संशय धरावा. खरी एकही नाही आणि खोट्या सेकंदाला हजारांनी, असे असेल तर कोणीतरी दोरी धरून बसले आहे. बहुधा ते ज्याचा ड्रायव्हर अजून आलाच नाही असे उपकरण असते. यंत्र सुरू होताना आधीच्या कोणी प्रोग्रॅमने त्याला जागे करून तसेच सोडलेले असते. अशा वेळी एकेक उपकरण गप्प करीत जावे. ज्याला गप्प करताच घंटा थांबते तो चोर. आणि खोट्या हाका तुरळक, अनियमित, जवळची मोटर चालू केली की वाढणाऱ्या अशा असतील, तर प्रोग्रॅम मिटून ठेवावा आणि तारेकडे पाहावे. मोकळी सोडलेली, रोधाच्या आधारावाचून लोंबकळणारी तार शेजारचा खरखराट टिपते. तिथे शंभर ओळी लिहिण्यापेक्षा एक छोटा रोध डाखणे शहाणपणाचे.

अलीकडच्या यंत्रांत तारांऐवजी हाकसुद्धा एका लेखी संदेशाने पाठवतात. त्यात कोणाची हाक ते संदेशातच कळते, दोरीची भागीदारी संपते आणि बरीच भुते पळतात. सगळी मात्र नव्हेत. म्हणून लिनक्सच्या कर्त्यांनी एक मार्मिक सोय ठेवली आहे. तपासणीसाठी एक खटका चालू केला, की सामायिक तारेवरचा ड्रायव्हर आपली नोंद काढून घेत असताना कर्नेल मुद्दाम एक खोटी हाक मारून पाहतो. आवराआवर चाललेली असताना अवेळी हाक आली तर हा गांगरतो की शांतपणे ‘माझे नाही’ म्हणतो, याची ती परीक्षा!

लांडगा आला रे आला, या गोष्टीत आपण पोराला दोष देऊन मोकळे होतो. यंत्राच्या जगात तेवढ्याने भागत नाही. इथे खोटी हाकही कोणीतरी मारलेलीच असते : निघून गेलेला पाहुणा, दुसऱ्याच्या नावावर पडलेले भूत, जुळायची राहिलेली सम, नाहीतर आपलेच वाटेत अडकलेले उत्तर. कान बंद करून घेणारा खऱ्या हाकेला मुकतो आणि प्रत्येक हाकेला ‘माझी’ म्हणणारा सगळ्यांना फसवतो. मधली वाट एकच आहे. दर वेळी दार उघडावे, कोण आहे ते पाहावे, कोणी नसेल तर तसे खरे सांगावे आणि त्याची मोजदाद ठेवावी. चंद्रावर गेलेल्या यानाला ते जमले. आपल्या मेजावरच्या यंत्रालाही ते शिकवता येते.